मचव्यावर तोफ चढते तेव्हा

नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला नाथसागराचा फुगवटा येऊन पोहोचतो. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले. तेव्हापासून टोक्याच्या सिद्धेश्वराच्या घाटाला लागूनच जाळ्याची होडी हिंदकळताना दिसते. पहाटे तिच्यात मासळी असते. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला तीच होडी धुऊन, आडव्या फळीवर सतरंजी टाकून भाविकांना संगमावर फिरवते. गोदावरीला मोठा पूर आला की तहसीलदारांच्या सांगण्यावरून तीच होडी वेढलेल्या वस्तीतली माणसे काढायला जाते. होडी एक, धनी एक, वल्हे मारणारा हातही एकच; बदलते ते फक्त काम. हा बदल पाहताना प्रश्न पडतो, की पोटासाठी बांधलेली नाव दुसऱ्याच्या कामाला जुंपली जाते तेव्हा नेमके काय घडते? ती नाव काय कमावते, काय गमावते आणि त्या गमावण्याचा हिशोब कोणाच्या नावावर पडतो?

समुद्रापासून इतक्या दूर बसून हा प्रश्न विचारण्यात काही विसंगती आहे असे मला वाटत नाही. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केले. त्यात सातवाहन काळाच्या थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे निघाली. ती कोणत्या तरी तारवातून कोकणच्या बंदरात उतरली आणि घाट चढून प्रवरेकाठी आली. तेव्हा किनाऱ्यावरच्या नावांचे आणि आपले नाते दोन हजार वर्षांचे आहे. आपण ते विसरलो, इतकेच.

या नावांचा इतिहास आपल्याकडे बहुधा आरमाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात किल्ले असतात, सुभेदार असतात, लढाया असतात. पण शिवकाळातल्या आरमारी जहाजांची सभासदाने दिलेली यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. गुराब, गलबत, तरांडे, तारू, शिबाड, पगार या नावांतली बहुतेक मूळची लढाऊ जहाजांची नावे नाहीत. शिबाड म्हणजे माल वाहणारे मोठे तारू. पगार ही लहान होडी. तरांडे व तारू हे तर कोणत्याही नावेला लागू पडणारे शब्द. मराठ्यांचे आरमार म्हणजे किनाऱ्यावर आधीच असलेल्या कामकरी नावांच्या घराण्यातून निवडलेली, काहीशी बदललेली आणि शस्त्र दिलेली मंडळी होती. गुराब तेवढी वेगळी. ‘घुराब’ म्हणजे अरबी भाषेत कावळा. पुढे काढलेल्या लांब नाळेमुळे ते नाव पडले असे म्हणतात. पण तिचाही व्यापाराशी जुना संबंध होताच.

शिवाजी महाराजांनी १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी घेतली आणि दोन वर्षांच्या आत तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. सुमारे वीस लढाऊ नावा बांधण्याच्या या कामावर रुई लैतांव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धोका कळताच त्यांनी या कारागिरांना फोडले आणि ती मंडळी काम टाकून निघून गेली. हा प्रसंग आपल्याकडे परकीयांच्या दगाबाजीचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. कारागीर गेले तरी बांधणी थांबली नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या स्वारीवर निघाले तेव्हा त्यांच्यासोबत तीन मोठी जहाजे आणि पंच्याऐंशी लहान गलबते होती. तीन आणि पंच्याऐंशी हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे. मोठी जहाजे बांधायला परका उस्ताद लागला असेल, पण गलबत बांधणारा सुतार आणि ते हाकणारा तांडेल या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होता.

हे लहान आकाराचे आरमार नाइलाजाने आले की ठरवून, यावर वाद घालता येईल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातल्या आरमाराच्या प्रकरणात तरी ते ठरवून आहे. गुराबा आणि गलबते फार मोठी नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असावीत. वाऱ्याशिवाय जी चालतच नाहीत अशी थोर जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही. एका सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत. त्याच प्रकरणात आणखी दोन सूचना आहेत आणि त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एक म्हणजे आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर लादू नये, त्यासाठी वेगळा मुलूख लावून द्यावा. नाहीतर सावकारांना उपद्रव होऊन बंदरेच मोडतील. दुसरी म्हणजे लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत. आरमार ज्या नावांतून, ज्या झाडांतून आणि ज्या माणसांतून उभे राहते त्यांनाच ते खाऊन टाकू शकते, ही जाणीव या दोन सूचनांमागे आहे. राज्यकारभाराच्या ग्रंथात ती इतक्या स्पष्टपणे येणे ही थोडी गोष्ट नाही.

आता कामाची नाव लढाईत उतरते तेव्हा तिच्या अंगात काय बदलते ते पाहू. मालवाहू किंवा मासेमारीच्या नावेचे वजन तळाशी असते. मिठाची पोती, नारळ, मासळी, दगडाचे नीरम, सगळे खाली. म्हणून ती लाटेत डोलली तरी पुन्हा सरळ होते. तोफ मात्र वरच ठेवावी लागते, आणि ती डागली की मागे धक्का देते. हलक्या फळ्यांच्या नावेवर जड तोफ चढवली तर शत्रूच्या आधी समुद्रच तिचा निकाल लावतो. म्हणून गलबतावर बहुतेक जंबुरेच असत, काठावर खुंटीत फिरणारे. मोठ्या गलबतांवर सहा-आठ लहान तोफा येत. गुराबेवर मात्र दोन जड तोफा नाळेच्या अंगाला, समोर मारा करणाऱ्या. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचे जे वर्णन केले आहे त्यात हा तपशील आहे. चाळीस-पन्नास वल्ह्यांनी गलबत ताशी चार मैलांच्या वेगाने जाई असेही तो सांगतो. चार मैल म्हणजे माणसाची झपाझप चाल. हसू येईल, पण वारा पडलेला असताना समोरचे भले मोठे जहाज ताशी शून्य मैल जात असते, हे ध्यानात घ्यावे. शिवाय नाव उथळ. ओहोटीच्या वेळी वाळूचे बांध ओलांडून ती खाडीत शिरे आणि मागून येणाऱ्या जहाजाचा तळ बाहेरच अडे.

या सगळ्याची परीक्षा झाली ती खांदेरीला. मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर हे लहानसे बेट. ऑगस्ट १६७९ अखेर मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसे आणि चार लहान तोफा घेऊन तिथे उतरला आणि तटबंदीचे काम सुरू झाले. मुंबईच्या इंग्रजांना आपल्या बंदराच्या तोंडावर किल्ला उभा राहिलेला नको होता. पण त्यांच्याकडे त्या क्षणी आरमार म्हणावे असे काय होते? त्यांनी मग तेच केले जे मराठे करत होते. मुंबईच्या बंदरातली व्यापारी शिबाडे आणि मचवे मिळवले, त्यांत गोरे शिपाई आणि बंदुका भरल्या आणि बेटाला वेढा घालायला पाठवले. सप्टेंबरमध्ये अशाच एका शिबाडातून बेटावर उतरायला निघालेला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. हुकूम नसताना तो पुढे सरकला होता, आणि तो शुद्धीवर नव्हता, असे त्याच्याच बाजूचे लोक सांगतात.

ऑक्टोबरमध्ये मोठी लढाई झाली. इंग्रजांकडे आठ जहाजे होती: ‘रिव्हेंज’ हे एक खरे लढाऊ जहाज, दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे. दौलतखानाच्या हाताखालची गलबते नागावच्या बाजूने पहाटे अशा वेगाने वल्हवत आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही नीट सवड मिळाली नाही. ‘डव्ह’ नावाच्या गुराबेने निशाण उतरवले आणि ती मराठ्यांच्या हाती लागली. बाकीची भाड्याची जहाजे दूर सरकली. कॅप्टन रिचर्ड केग्विन ‘रिव्हेंज’वर होता. तो मात्र पाय रोवून राहिला, तोफांच्या बळावर त्याने गलबते परतवून लावली आणि त्यांचा पाठलागही केला. म्हणजे त्या दिवशी समोरासमोरच्या माऱ्यात खरे लढाऊ जहाजच सरस ठरले, हे मान्य करायला हवे. आपल्याकडच्या वर्णनांत हा भाग गाळला जातो.

पण वेढा एका दिवसाच्या लढाईवर ठरत नाही. रात्र पडली की थळ-नागावकडून लहान मचवे निघत आणि धान्य, पाणी, चुना, माणसे बेटावर पोहोचवून उजाडायच्या आत परत येत. बेटाभोवतीचे खडक त्यांना पाठ होते. ‘रिव्हेंज’ त्या खडकांजवळ फिरकू शकत नव्हते आणि भाड्याच्या शिबाडांना फिरकायचे नव्हते. सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीला आले, त्यानेही फरक पडला नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा उठवला. खांदेरी महाराजांकडे राहिली, शेजारची उंदेरी सिद्दीने बळकावली.

या प्रकरणातला ‘भाड्याची’ हा शब्द मला सोडवत नाही. इंग्रजी वृत्तांतांत लेफ्टनंट, एन्साइन, कॅप्टन नावानिशी येतात. शिबाडाचा नाखवा आणि त्याचे खलाशी संख्येने येतात. ती नाव बुडाली असती तर नाखव्याचे आयुष्यभराचे भांडवल गेले असते. ‘रिव्हेंज’ बुडाले असते तर कंपनीने दुसरे पाठवले असते. मग ती शिबाडे दूर का सरकली याचे उत्तर भित्रेपणात शोधायचे की हिशोबात? दोन्ही बाजूंची वल्ही याच किनाऱ्यावरच्या कोळी, भंडारी, मुसलमान खलाशांच्या हातांत होती. एकीकडची माणसे अंधारात खडकांतून वाट काढत होती आणि दुसरीकडची अंतर राखून होती. बेटाशी कोणाचे काय नाते होते, हाच त्यातला फरक असावा.

पुढच्या आंग्रेकाळाबद्दल इथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. त्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कान्होजींनी गुराब आणि गलबत यांची जोडी पक्की केली: वारा पडला की गलबते वल्ह्यांनी गुराबेला ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत, जिथे त्याच्या तोफा पोहोचत नाहीत. इंग्रजांच्या बॉम्बे मरीननेही गुराबा आणि गलबते ठेवली आणि इंग्रजीत ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ असे दोन शब्द रूढ झाले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात विजयदुर्गाच्या आश्रयाला एकत्र बांधलेले आंग्र्यांचे आरमार जळाले. पेशव्यांच्या संमतीने झालेल्या त्या आगीने अमात्यांच्या सगळ्या सूचना एका दिवसात निरर्थक केल्या.

वाफेची आणि पोलादाची जहाजे आल्यावर कामकरी नावेचे युद्धातले स्थान संपले, असे वाटणे साहजिक होते. झाले उलटेच, आणि त्याला कारण ठरले पाण्यातले सुरुंग. लढाऊ जहाज कितीही मोठे असले तरी बंदराच्या तोंडाशी पेरलेल्या सुरुंगापुढे ते लाचार. सुरुंग काढायचे तर दोन जहाजांनी मधे तार ताणून समुद्र विंचरावा लागतो. हे काम कोणाला येते? तळाशी जाळे सोडून ते तासन्‌तास ओढणाऱ्या ट्रॉलरला. त्याच्याकडे जाड तारा असतात, त्या गुंडाळणारे दणकट रहाट असते आणि ओझे ओढताना जहाज कसे वागते हे जाणणारा तांडेल असतो. ब्रिटिशांनी १९१० सालीच आपल्या नौदल राखीव दलात ट्रॉलरची वेगळी शाखा काढली आणि पहिल्या महायुद्धात शेकडो मच्छीमार जहाजे सुरुंग वेचू लागली. सुरुंग काढण्याच्या एका साधनाला ‘ओरोपेसा’ म्हणतात. ते ज्या ट्रॉलरवर तयार झाले त्याचेच ते नाव.

दुसऱ्या महायुद्धात ही लाट आपल्या किनाऱ्यावर आली. रॉयल इंडियन नेव्हीकडे १९३९ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जहाजे होती. मग ‘बॅसेट’ नावाच्या ब्रिटिश ट्रॉलरच्या नमुन्यावर हिंदुस्थानातल्या गोद्यांत जहाजे बांधायला घेतली. ही जहाजे मासे पकडण्यासाठी कधीच गेली नाहीत, पण त्यांचा घाट ट्रॉलरचाच होता. त्यांची नावे वाचून आपल्याकडच्या माणसाला गंमत वाटेल: ‘नाशिक’, ‘पूना’, ‘बेरार’. समुद्र न पाहिलेली गावे समुद्रावर निघाली.

पण नवी जहाजे बांधून होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तेव्हा किनाऱ्यावर उतारू आणि माल वाहणाऱ्या आगबोटी ताब्यात घेतल्या गेल्या. ‘पार्वती’, ‘प्रभावती’, ‘नेत्रावती’, ‘सत्यवती’, ‘लीलावती’ अशी ती घरगुती नावे. नाळेवर एखादी जुनी तोफ, मागे पाणसुरुंगाची सामग्री, करडा रंग, आणि नावाआधी ‘एचएमआयएस’ ही अक्षरे, झाली युद्धनौका. ‘पार्वती’ ३० एप्रिल १९४१ रोजी तांबड्या समुद्रात आसाबजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. ‘प्रभावती’ची हकीकत मात्र मला अधिक अस्वस्थ करते. डिसेंबर १९४१ मध्ये, जपानने युद्धात उडी घेतल्यानंतर दोनच दिवसांच्या आत, ती लखदीव बेटांच्या बाजूला रात्रीच्या वेळी होती. तिच्यासोबत ओढून न्यायचे तराफे होते आणि ते तिच्या अंगाला लागून होते. ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरवरच्या पहारेकऱ्यांना अंधारात लांबट, ठेंगणी, मधे उंचवटा असलेली आकृती दिसली. जपानी पाणबुडी! क्रूझरने तोफा डागल्या आणि ‘प्रभावती’ बुडाली. वाचलेल्यांना पाण्यातून काढले ते त्याच ‘ग्लासगो’ने.

युद्धनौकेची ओळख तिच्या आकृतीवरून पटते. तिच्या छायाचित्रांची पुस्तके असतात, पहारेकरी ती पाठ करतात. किनाऱ्यावरची आगबोट त्या पुस्तकात कुठे असणार? रंग बदलला, नाव बदलले, पण दुरून ती ना धड प्रवासी बोट दिसते ना धड युद्धनौका. खांदेरीला जी अनोळख वरदान होती, रात्रीच्या मचव्याला मासेमारीचा मचवा समजण्याची सोय, तीच इथे घातक ठरली.

तीस वर्षांनी, त्याच डिसेंबर महिन्यात, हे पुन्हा घडले. १९७१ च्या बांगला मुक्तिसंग्रामात मुक्तिवाहिनीला स्वतःचे आरमार हवे होते. कोलकाता बंदराच्या कामावरच्या दोन नावा घेऊन त्यांच्यावर बोफोर्सच्या चाळीस मिलिमीटर तोफा बसवल्या आणि सुरुंग टाकण्याची सोय केली. नावे ठेवली ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. नौकमांडोंच्या या साऱ्या गुप्त मोहिमेमागे जे अधिकारी होते त्यांत अग्रभागी होते मोहन नारायण सामंत. नोव्हेंबरात या दोन नावांनी पसूर नदीच्या वाटेवर सुरुंग पेरले. डिसेंबरात सामंतांच्या नेतृत्वाखाली ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि भारतीय नौदलाची लहानशी गस्तनौका ‘पनवेल’ अशी तीन जहाजे मोंगला बंदर घेऊन पुढे खुलन्याकडे निघाली. १० डिसेंबरला दुपारी वर विमाने आली. ती आपलीच होती. ओळख पटावी म्हणून जहाजांवर पिवळी खूण केलेली होती. तरीही मारा झाला. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ जळाल्या. ‘पनवेल’ वाचली आणि सामंतांनी तिच्यावरून मोहीम पुढे चालू ठेवली. त्यांना पुढे महावीरचक्र मिळाले. ‘पलाश’च्या इंजिनखोलीतला रुहुल अमीन जहाज सोडायला तयार नव्हता. तो होरपळलेल्या अवस्थेत कसाबसा काठावर पोहोचला आणि तिथे रझाकारांनी त्याला मारले. बांगलादेशाने त्याला आपला सर्वोच्च ‘बीरश्रेष्ठ’ हा किताब दिला. रूपसा नदीच्या काठी त्याची कबर आहे.

दोन्ही प्रसंगी चूक कोणाची, याच्या चौकशीत शिरण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी मारणारा अनुभवी होता आणि आपण बरोबर करतो आहोत याची त्याला खात्री होती. मुद्दा असा, की रूपांतरित नावेवर चढलेला माणूस शत्रूच्या माऱ्याबरोबरच आपल्यांच्या संशयाचाही धनी होतो. हा दुसरा धोका त्याला कामावर घेताना कोणी सांगत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा संशय १९९३ पासून कायमचा वस्तीला आला. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबई हादरली. त्यानंतर ‘ऑपरेशन स्वान’ नावाने किनारी गस्त सुरू झाली. खोल समुद्रात नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजे होती, आणि किनाऱ्यालगत भाड्याने घेतलेले मासेमारी ट्रॉलर. त्यांच्यावर नौदलाचे, पोलिसांचे आणि कस्टम्सचे लोक एकत्र. म्हणजे १६७९ नंतर तीनशे चौदा वर्षांनी पुन्हा भाड्याची शिबाडे! आणि अडचणीही त्याच. जाळे ओढायला बांधलेल्या ट्रॉलरचा वेग पाठलागाला पुरत नाही. तळात बर्फ आणि मासळी असली की जी नाव स्थिर राहते ती रिकामी असली की नको तितकी डोलते, आणि सवय नसलेल्या पोलिसाला लागणाऱ्या उलट्यांची गणती कोणत्याही अहवालात नसते. जमेची बाजूही जुनीच. तांडेलाला खाडी, खडक आणि परकी नाव ओळखता येते. असे पाहणारे डोळे हीच ट्रॉलरवरची खरी तोफ होती. तिचा पुरेसा उपयोग झाला, असे म्हणवत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये तर सगळा डावच उलटला. पोरबंदरचा ‘कुबेर’ हा ट्रॉलर भर समुद्रात पळवला गेला, त्याचा तांडेल अमरसिंह सोळंकी मारला गेला, आणि आपल्याच नोंदणीच्या, आपल्याच आकृतीच्या नावेतून मारेकरी मुंबईजवळ आले. मायनाक भंडारीने जी युक्ती राखणीसाठी वापरली तीच इथे हल्ल्यासाठी वापरली गेली. त्यानंतर नावांना राज्यागणिक रंग ठरवले गेले, मच्छीमारांना बोटांच्या ठशांची ओळखपत्रे देण्यात आली, आणि नावेची ओळख सांगणारी यंत्रे मोठ्या नावांवर आली. या सगळ्याची गरज कोण नाकारील? पण बंदराबाहेर पडताना आता ‘तू कोण?’ हा प्रश्न पहिल्यांदा कोणाला विचारला जातो, तर ज्याचा बाप-आजा याच पाण्यात जाळी टाकत आला त्या खलाशाला.

शेवटी नावेच्या तिसऱ्या जन्माविषयी, म्हणजे मौजेविषयी. मासळी कमी झाली, डिझेल महागले, ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांचे मालवणच्या पाण्यात भांडण पेटले. अशा वेळी पर्यटक हा नवा मासा दिसणे स्वाभाविक होते. मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी, डॉल्फिन दाखवणे, पाण्याखालची प्रवाळे दाखवणे, असे धंदे मच्छीमार कुटुंबांनी सुरू केले. केरळात तर भात वाहणाऱ्या ‘केट्टुवळ्ळम’ नावांवर, ज्यांच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेल्या असत, बांबूची घरे चढली आणि त्यांतून हाउसबोटींचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्या नावांच्या बाबतीत एक गोष्ट जुळून आली होती. भाताची पोती वाहायला बांधलेली रुंद नाव खाडीच्या शांत पाण्यात एका मजल्याचे घर सहज पेलते.

सगळीकडे तसे होत नाही. ७ मे २०२३ रोजी केरळमधल्याच तानूरला पर्यटकांची दुमजली बोट उलटून बावीस माणसे बुडाली. ती मुळात मासेमारीची बोट होती. तिच्यावर वरचा मजला चढवला होता आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतली होती. गलबताचा सुतार जे जाणत होता, की वजन वर चढले की नाव आपली राहत नाही, ते तिथे कोणीतरी विसरले किंवा विसरण्याचे ठरवले. तोफ जड असते, म्हणून तिचा हिशोब केला जातो. पन्नास हसऱ्या माणसांचे वजन कोणाला जाणवत नाही. शिवाय ती माणसे तोफेसारखी एका जागी राहत नाहीत. काही दिसले की सगळी एकाच काठाकडे धावतात.

आज खांदेरीला जायचे तर थळच्या बंदरावरून मच्छीमाराचीच नाव करावी लागते. बेटाला १९९८ पासून कान्होजी आंग्रे बेट हे नाव आहे, तिथे १८६७ चे दीपगृह आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. नौदलाच्या एका पाणबुडीलाही हेच नाव दिले आहे. कोळ्यांसाठी मात्र हे बेट वेताळाचे. सकाळची मासळी उतरली की नाव धुतात, फळ्या टाकतात, आणि ओहोटीची वेळ बघून निघतात. बेटाजवळ आल्यावर तांडेल इंजिन मंद करतो, नाळेवर एक पोरगा उभा करतो आणि पाण्याखालच्या खडकांमधून नाव आत घेतो. हाताने तो मध्येच एका बाजूला खूण करतो: इकडे सगळ्यांनी येऊ नका, बसून राहा.